गाणं संपल्यानंतरची रेघ

१

मी आवाज मोजतो. पोटापाण्याचा उद्योगच तो आहे. कारखान्यात, छापखान्यात, मोठ्या इमारतीच्या तळघरातल्या जनरेटरशेजारी मीटर घेऊन उभं राहायचं आणि तिथे राबणाऱ्या माणसांचे कान अजून किती टिकतील याचा अंदाज द्यायचा. असल्या गोंगाटात दिवस काढून घरी आलं की मला बोलायचा कंटाळा येतो. बायकोला येत नाही. ती घरीच पडदे शिवते. मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे, आणि दिवसभर त्या मशीनशीच गाठ असल्यामुळे संध्याकाळी तिला माणूस हवं असतं. ती बोलते, मी ऐकतो. वाटणी पक्की आहे आणि दोघांना मान्य आहे.

बोलत नसते तेव्हा ती गुणगुणते. तिला सूर नाही, हे तिला ठाऊक आहे आणि त्यावाचून तिचं काही अडत नाही. तिच्या धाकट्या बहिणीने एकदा विचारलं होतं, "ताई, हे नक्की कुठलं गाणं गं?" तर ही म्हणाली, "मलाही शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून तर म्हणत राहते."

रविवारची सकाळ मात्र माझी. न्याहारी झाली की मी एक रेकॉर्ड काढायचो, मऊ कापडाने पुसायचो आणि लावायचो. ती शेजारी बसून पडद्यांच्या कड्या मोजायची. आमच्या जुन्या प्लेअरची मोटर घरघरायला लागली आणि गाण्याच्या पाठीमागून कोणीतरी दळण दळत असल्यासारखं ऐकू यायला लागलं, तेव्हा मी ठरवलं, आता एक चांगलं टर्नटेबल घ्यायचं. आयुष्यभर दुसऱ्यांचा गोंगाट मोजला, आता स्वतःसाठी थोडी शांतता विकत घेऊ.

"घ्या की," ती म्हणाली. "पण मी बरोबर येणार. तुम्ही एकटे गेलात तर दुकानदार तुम्हाला दुकानच विकेल."

२

दुकान एका वरच्या मजल्यावर होतं. आत जाड गालिचा, जड पडदे आणि मधोमध दोन खुर्च्या. दुकानदार गुबगुबीत माणूस होता, रबरी तळव्यांचे बूट घालायचा आणि इतक्या हळू बोलायचा की आपल्यालाच पुढे वाकावं लागायचं. हिने आत शिरल्या शिरल्या पडद्याची शिवण उलटून पाहिली आणि नापसंतीने मान हलवली.

"स्वस्त यंत्र स्वतः बोलतं, साहेब," तो म्हणाला. "मोटर बोलते, पट्टा बोलतो, खालचं टेबलसुद्धा बोलतं. चांगलं यंत्र म्हणजे जे स्वतः काही बोलत नाही. लोक किंमत देतात ती त्याने गप्प बसावं याची."

"मग यांना ठेवा ना तिथे," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "हे फुकट गप्प बसतात."

दुकानदार हसला, पण त्याच्या हसण्याचाही आवाज झाला नाही. त्या खोलीत कशाचाच होत नव्हता.

त्याने बरीच यंत्रं दाखवली. हिला एक लाकडी आवडलं. मधाच्या रंगाचं, कोपरे गोल केलेलं. "हे दिवाणखान्यात शोभेल," ती म्हणाली. मला आवडलं ते कोपऱ्यातलं काळं. दगडासारखं जड, कुठे बटण नाही की दिवा नाही. सुई उचलायलासुद्धा एक बारीकशी खटकी, तीही हाताने फिरवायची. गाणं संपलं तरी ते आपणहून थांबत नसे. सुई मधल्या त्या शेवटच्या रेघेत, जिथे काहीच कोरलेलं नसतं, तिथे फिरत राहायची.

"हे नवीन नाही," दुकानदार म्हणाला. "एका गिऱ्हाइकाचं परत आलेलं आहे."

"का? काही बिघाड?"

"छे. त्यांनी घर बदललं. लहान घरात गेले. आता एकटेच असतात."

त्याने ते लावून दाखवलं. व्हायोलिनची रेकॉर्ड होती. सुई टेकली तेव्हा खरखर नाही, टिचटिच नाही, काहीच नाही. आणि मग त्या काही नसण्यातून एकदम तार बोलली. माझ्या अंगावर काटा आला. तिच्याकडे पाहिलं तर तीही दंडावरून हात फिरवत होती.

ठरेना, तेव्हा त्याने दोन्ही यंत्रं घरी वापरून बघायला दिली. जे नको असेल ते आणून द्या म्हणाला.

३

पहिल्या रविवारी दोन्ही शेजारी शेजारी मांडली. लाकडी यंत्रावर गाणं गोड वाटायचं, ओळखीच्या माणसासारखं. काळ्यावर लावलं की खोलीच बदलायची. भिंती मागे सरकल्यासारख्या वाटायच्या. एक बाजू संपली, तरी मी सुई उचलली नाही. ती शेवटच्या रेघेत फिरत होती आणि स्पीकरमधून जे येत होतं त्याला मी माझ्या धंद्यात कधी नाव दिलेलं नाही. मी तसाच बसून राहिलो. बरं वाटत होतं.

मग लक्षात आलं की स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबलाय.

तो नळ आमच्याकडे किती वर्षं गळतोय देव जाणे. खाली स्टीलचं पातेलं ठेवलेलं असतं आणि त्यात टप टप चालू असतं. "नळवाला येऊन गेला का?" मी विचारलं.

"कुठला येतोय तो," ती म्हणाली.

मी उठून पाहिलं. नळ गळत होता. थेंब तोटीवर जमायचा, लोंबायचा, सुटायचा आणि पातेल्यातल्या पाण्यावर पडून वर्तुळं उठवायचा. आवाज होत नव्हता.

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी कारण लगेच सुचतं. पातेलं भरलंय, भरल्या पाण्यावर थेंब पडला की नाद येत नाही. मी पातेलं ओतून रिकामं केलं आणि परत ठेवलं. थेंब कोऱ्या स्टीलवर पडला, फुटला, चार शिंतोडे उडाले. तरी काही ऐकू आलं नाही.

कानात दडा बसला असेल म्हणून मी चुटकी वाजवली. चुटकी वाजली. खिडकीखालून एक दुचाकी गेली, तीही स्वच्छ ऐकू आली. मी पातेल्याकडे पाठ केली आणि बाहेर येऊन बसलो.  

४

"लाकडी ठेवू या," ती दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली.

"दिसायला बरं आहे म्हणून?"

"तसं नाही हो. ते काळं लावलं की मला कोणीतरी श्वास धरून बसल्यासारखं वाटतं. आपण बोलायची वाट बघत."

मी तिला समजावलं. चांगल्या यंत्राची पार्श्वभूमी शांत असते, मेंदूला त्याची सवय नसते, वगैरे. समजावण्यात मी पटाईत आहे, आणि ती अशा गोष्टींत हट्ट धरत नाही. लाकडी यंत्र परत गेलं, काळं राहिलं.

मग एकेक करत घर गप्प होत गेलं. आधी फ्रिज. त्याची मधूनच चालू होऊन थरथरायची सवय गेली, पण आत बर्फ जमत होता. मग भिंतीवरचं घड्याळ. काटा पुढे सरकत होता, टिकटिक नव्हती. बाथरूमच्या दाराची बिजागरी करकरायची, तीही गेली. बायको म्हणाली, "बरं झालं, तेल घातलंत एकदाचं." मी घातलं नव्हतं.

मी ऑफिसात जाऊन कान तपासून घेतले. आमच्याकडे त्याची बंद पेटी असते, आत बसून हेडफोन लावायचा आणि आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या सहकाऱ्याने कागद माझ्यापुढे धरला. "तुझे कान पोराटोराचे आहेत. काय झालंय?"

"काही नाही. वय झालं का बघत होतो."

त्या संध्याकाळी मी मीटर घरी आणला. दिवाणखान्याच्या मधोमध तिवईवर ठेवला, खिडक्या लावल्या आणि मागे उभा राहिलो. आमच्या प्रयोगशाळेत एक खास खोली आहे. भिंतींना, छताला, जमिनीलासुद्धा फोमचे सुळके लावलेले. आत उभं राहिलं की स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. तिथे जो आकडा दिसतो, त्याच्याहून खालचा आकडा माझ्या रस्त्याकडेच्या घरात, फ्रिज चालू असताना, मीटरवर दिसत होता. खिडकी उघडली की आकडा भराभर वर जायचा. बाहेरचं जग जागेवर होतं. आमच्या घराचे स्वतःचे आवाज तेवढे नाहीसे झाले होते.

मीटर बिघडला असणार, असं मी ठरवलं. दुसरा आणला. तोही तसाच बिघडलेला निघाला.

५

त्याच आठवड्यातली गोष्ट. मला दुपारची सुट्टी होती. घरी आलो तर घर शांत. वाटलं, ती बाहेर गेली असेल. पाणी प्यायलो, आणि सहज मागच्या खोलीत डोकावलो.

ती मशीनवर बसली होती. पाय चालत होते, चाक गरगरत होतं, सुई वर-खाली होत होती आणि निळा पडदा पुढून आत जाऊन मागे साचत होता. काचेपलीकडे पाहावं तसं सगळं चाललं होतं. 

तिने मान वर केली. "अरे, आलात पण?" तिचं बोलणं मला आलं, पण पातळ, वाऱ्यावर आल्यासारखं.

"आज गुणगुणत नाहीयेस?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"गुणगुणतेच आहे की. केव्हाची."

ती परत कामाला लागली. मी दारातच उभा राहिलो. तिचे ओठ मिटलेले होते आणि गळ्यावरची कातडी हलत होती. ती गात होती. मी चार पावलं पुढे गेलो आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला तिचं गुणगुणणं लागलं, मांजर गुरगुरताना लागतं तसं. कानाला काहीच नाही.

"तुला येतंय ऐकू? तुझं तुला?"

ती म्हणाली, "येतंय. पण हल्ली लांबून येतं. मीच शेजारच्या खोलीत बसलेय तसं." आणि हसली. "म्हातारी झाले म्हणायची."

मी हसलो नाही, तेव्हा तिचंही हसू मावळलं. "अहो, काय झालं?"

मी तिला नळापासून सगळं सांगितलं. ती उठली, एकेका वस्तूपाशी जाऊन तिने कान लावला. फ्रिजपाशी, घड्याळापाशी. मग पातेलं उचललं आणि जोरात जमिनीवर आपटलं. ते उसळलं, घरंगळत जाऊन भिंतीला आपटलं आणि गोल गोल फिरून निपचित झालं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"ते यंत्र परत द्या," ती म्हणाली.

६

देण्याआधी मला एक तपासायचं होतं. धंद्याची खोड. मोटरमधून काही ऐकू न येणारा कंप निघत असेल आणि तो बाकीचे आवाज खात असेल, अशी माझी एक समजूत तयार झाली होती. तसं होत नाही हे मला माहीत होतं. पण मनाला धरायला काहीतरी लागतं.

व्हायोलिनची रेकॉर्ड लावली, सुई उचलून थेट शेवटच्या रेघेत ठेवली, आणि आवाजाची कळ हळूहळू वाढवत नेली. एरवी कोणी एवढी वाढवत नाही, स्पीकर फाटतील.

आधी काहीच नाही. मग खूप खोलवरून, टप. थोड्या वेळाने परत, टप.

मी कळ आणखी फिरवली. फ्रिजची थरथर आली. घड्याळ आलं. बिजागरी करकरली, कोणीतरी दार लोटल्यासारखी. त्यामागे शिलाई मशीनचा खडखडाट होता, एकसारखा, कधी थांबून परत सुरू होणारा, आणि त्याच्यावर एक बेसूर गुणगुण, जी कुठल्या गाण्याची आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

ती माझ्या मागे येऊन उभी राहिलेली मला कळलं नाही, कारण तिची पावलं वाजली नव्हती. तिने माझं मनगट धरलं.

"हे आपलं घर आहे," ती म्हणाली. म्हणजे तिच्या ओठांवरून मला तसं वाटलं.

मी सुई उचलली. यंत्र पोत्यात गुंडाळलं, गाडीत घातलं आणि तडक दुकान गाठलं. दुकानदाराने काही विचारलं नाही. लाकडी यंत्र अजून तिथेच होतं, ते त्याने माझ्या हवाली केलं. मी जिना उतरताना मागे वळून पाहिलं, तर तो काळ्या यंत्रावरची धूळ हाताने पुसत होता.

७

परत दिलं की सगळं पूर्ववत होईल अशी माझी खात्री होती. गोष्ट तशी सरळ होती ना? वस्तू गेली, बाधा गेली.

घर गप्पच राहिलं. लाकडी यंत्रावर गाणं लागायचं, गोड लागायचं, आणि संपलं की घर पुन्हा कापसात गुंडाळल्यासारखं व्हायचं. तिची शेवटची वाक्यं मला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आली. कपाटातली निळी रिळं संपलीत, असं काहीतरी होतं. नंतर ओठच.

तरी बाहेर तिचा आवाज ऐकू यायचा. आम्ही मुद्दाम फिरायला जायचो. कोपऱ्यावर पोचलो की ती बोलायला सुरुवात करायची, धबधबा सुटावा तशी, आणि मी ऐकत चालायचो. एकदा एका बाकावर बसून तिने शेजारणीच्या पडद्यांच्या रंगावर इतकं काही सांगितलं की दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. काही दिवसांनी तिथेही पातळ होत गेलं. भाजीवाला तिच्यासमोर कानामागे हात धरून म्हणाला, "काय म्हणालात ताई?" ती परत म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग भाव मी विचारला.

बहिणीचा फोन आला तेव्हा तिने उचलला आणि मी शेजारी होतो. पलीकडून मेहुणी ओरडत होती, "हॅलो? ताई? अगं बोल ना, नुसता श्वास पण येत नाहीये!" ती बोलत होती. डोळे मोठे करून, हातवारे करून बोलत होती. शेवटी फोन तिने माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, ताई रागावलीये का माझ्यावर?"

"नाही गं. घसा बसलाय तिचा."

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्र ठणठणीत, म्हणाले. सगळं हलतंय. मनावर ताण आहे का घरात? मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तीही मानेने नाही म्हणाली.

माझा आवाज जागेवर होता. तोच का राहिला, याचा मी खूप विचार केला. एकच उत्तर सुचलं. मी घरात कधी फारसं बोललोच नव्हतो. घराच्या आवाजांत माझा धरलेला नसावा.

८

तिनेच मला दुकानाकडे नेलं. एका सकाळी चपला घालून दारात उभी राहिली आणि हाताने हवेत रेकॉर्ड फिरवून दाखवली. मी मानेने नको म्हटलं. तिने परत फिरवली.

दुकानदार त्याच गालिच्यावर, त्याच बुटांत. काळं यंत्र मधल्या खोलीत मांडलेलं होतं आणि त्याच्यापुढे एकच खुर्ची. मी त्याला लावायला सांगण्याआधीच त्याने सुई ठेवली. रेकॉर्डच्या सुरुवातीला नव्हे, शेवटी.

तिचा आवाज भरून आला. गुणगुण नव्हे, बोलणं. निळी रिळं, शेजारणीचे पडदे, भाजीवाला. तिचं तेच मधेच हसणं आणि "ऐका ना" म्हणणं. ती खुर्चीत बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तिचे खांदे हलायला लागले. आनंदाने की कशाने, मला सांगता येणार नाही.

मी यंत्र विकत घेतलं. दुसरं काय करणार होतो? गाडीपर्यंत ते उचलून आणताना दुकानदार मला हळूच म्हणाला, "मॅडमचा आवाज फार छान आहे. दिवसभर सोबत असते."

मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण दोन्ही हात यंत्राखाली होते.

९

आता आमच्याकडे दुपारी यंत्र लागतं. मी अर्धा दिवस घरून काम करायची परवानगी काढली आहे. जेवण झालं की ती सोफ्यावर येऊन बसते, मी सुई शेवटच्या रेघेत ठेवतो आणि आम्ही ऐकतो.

सुरुवातीला जमत होतं. ती ओठ हलवायची आणि स्पीकरमधून तेच शब्द यायचे, किंचित उशिरा, पण तेच. मी विचारायचो, ती उत्तर द्यायची. मला वाटलं, चला, संसाराची अशीही एक रीत असते. माणसं चष्मा लावतात, कवळी लावतात. आम्ही हे लावू.

मग शब्द आणि ओठ जुळेनासे झाले. ती पाणी मागत असायची, आणि स्पीकरमधून ती हसत म्हणायची, "तुम्हाला खरंच आवडलं?" ती गप्प बसलेली असायची, आणि तिथे ती कोणालातरी दिवसभराचं सांगत असायची. मधेच थांबायची, समोरचा बोलतोय तेवढी. आणि एके दिवशी त्या थांबण्यात कोणीतरी बोललं.

पुरुषाचा आवाज. हळू, समजूतदार. "मग तू काय म्हणालीस?" एवढंच.

मी तिच्याकडे वळलो. "कोण आहे तो?" मी सावकाश विचारलं.

तिला आश्चर्य वाटलं. तिने माझ्या छातीवर बोट टेकलं. तुम्हीच की.

स्वतःचा आवाज स्वतःला बाहेरून वेगळा ऐकू येतो, हे मी कित्येकांना समजावून सांगितलं आहे. म्हणून मी ऑफिसातल्या यंत्रावर माझा आवाज भरून घेतला. "मग तू काय म्हणालीस," हेच वाक्य, पुन्हा पुन्हा. घरी आणून दोन्ही आवाज ताडून पाहिले, आलेख काढले. तो मी नाही. शिवाय, हे सांगायला आलेख कशाला हवा होता? मी तिला असं कधी विचारलंच नसतं. मी ऐकतो, फक्त.

तो विचारतो. खूप विचारतो. पडद्याच्या कापडाचं विचारतो, तिच्या बहिणीचं विचारतो, लहानपणी ती राहायची त्या घराचं विचारतो. तिने सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मी पहिल्यांदा ऐकल्या. ती शेजारी बसून माझ्याकडे न पाहता स्पीकरकडे पाहत असते, आणि योग्य त्या जागी तिच्या चेहऱ्यावर हसू येतं. तिची तब्येत सुधारली आहे. शेजारीणही परवा म्हणाली, "वहिनी अगदी खुलल्यात हो."

मी यंत्र फोडून टाकायचा विचार केला नाही असं नाही. हातोडी घेऊन दिवाणखान्यात आलोही होतो, एका सकाळी. पण फोडलं तर तिचं जे काही उरलंय तेही जाईल, की परत येईल? याचं मोजमाप माझ्याकडे नाही. हातोडी ठेवून दिली.

काल दुपारी सुई ठेवली तेव्हा तिथे मशीन चालू होतं. ते थांबलं. खुर्ची सरकली.

"झालं माझं," ती तिथून म्हणाली.

"ये, बस जरा," तो म्हणाला.

पावलं जवळ आली. आमच्याच दिवाणखान्यात येतात तशी, गालिच्यावर आल्यावर मऊ होत. मग सोफ्याच्या स्प्रिंगा दबल्याचा आवाज आला. एकदा, आणि थोड्या वेळाने दुसऱ्यांदा.

ती माझ्या शेजारी डोळे मिटून बसली होती. मी तिच्या डावीकडे. उजवीकडची गादी रिकामी होती आणि तिचा उजवा हात त्या गादीवर उताणा पडला होता. मी त्या हाताकडे का पाहत होतो कोण जाणे. बोटं हळूहळू मिटत गेली. मूठ वळली नाही. बोटं आणि तळवा यांच्यामध्ये जागा राहिली, दुसरा एक हात मावेल एवढी. मग तिचा अंगठा त्या जागेवरून सावकाश फिरला, एकदा इकडे, एकदा तिकडे.

मी उठून खटकीकडे हात नेला. डोळे न उघडता तिने मान हलवली. नको.

हात मागे घेतला.  कितीतरी दिवस मी घरात मोठ्याने बोललो नव्हतो, पण तेव्हा राहवलं नाही.

"अगं," मी म्हणालो, "मी इथे आहे."

तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. स्पीकरमधली ती मात्र बोलता बोलता थांबली. तिथलं घड्याळ टिकटिकत राहिलं, नळातून एक थेंब पडला.

"कोणी हाक मारली का आत्ता?" तिने विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "कोणी नाही. तू बोल."